बिबड्यांचा मक्ता

माझी मोठी बहीण पारोळ्याला असते. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. मेहुणे गेल्यापासून तिचं घर उन्हाळ्यातल्या ज्वारीच्या बिबड्यांवर, म्हणजे आमच्याकडच्या पापडांवर चालतं. हे काम एकटीचं नाही. पीठ शिजून घाटा झाला की गरम असतानाच थापायचा; निवला की संपलं. म्हणून शेजारणी पहाटेच गच्चीवर यायच्या, थापू लागायच्या, तेल घालून वाटीभर घाटा खायच्या आणि जाताना पदरात बिबडी न्यायच्या. मजुरी काय ती हीच.

गेल्या वर्षी धुळ्याचा एक व्यापारी आला. म्हणाला, "बठ्ठा माल, सगळाच्या सगळा, मीच घेईन. पण एकही बिबडं बाहेर जायला नको."

मी धुळ्यात राहतो, म्हणजे घरातला व्यवहारज्ञानी. "अक्का, घरबसल्या गिऱ्हाईक आलं, हो म्हण," असं सांगून मी वर व्यापाऱ्याचाच चहा प्यालो.

व्यापाऱ्याला एवढंच हवं होतं की दुसऱ्या दुकानांत माल जाऊ नये. अक्कानं मात्र दिलेला शब्द पुरता पाळला. जुनी गिऱ्हाइकं तिनं दारातून परत लावली. शेजारणींना घाटा पोटभर, बिबडं एकही नाही. माझ्या बायकोनं चार मागितली, तर म्हणाली, "शब्द दियेल शे, बाई."

यंदा ज्वारी भिजत घातली आणि व्यापाऱ्याचा फोन आला. मशीनची बिबडी स्वस्त पडतात, तुमची नको.

"नको तर नको, पहिल्यासारखं करू," अक्का म्हणाली आणि बोलावणं करायला मला पाठवलं. पहिल्याच दारात शेजारीण तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, बठ्ठा माल त्यालेच दिधा ना? मंग थापाले बी त्यालेच बलावा."

दुसरीची कंबर दुखत होती. तिसरीनं मला खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलंच नाही.

पहाटे गच्चीवर अक्का, माझी बायको आणि मी, तिघंच. मी थापलेलं बिबडं एका कडेला भाकरीएवढं जाड, मध्ये भोक. एरवी अक्कानं वर्षभर पुरेल इतकी चेष्टा केली असती. आज ती नुसते हात भराभर चालवत राहिली, तरी पातेल्यातला घाटा घट्ट होत गेला, आणि ऊन चढलं तेव्हा उलथनं त्यात उभं राहू लागलं. तिनं तो खरवडून बादलीत काढला, म्हशीसाठी.

"बाकीनं पीठ ईकी टाक, भाऊ," ती म्हणाली आणि जिना उतरली.

आणि मी, घरातला व्यवहारज्ञानी, विकायचं पीठ पोत्यात भरायला बसलो.