व्हीसीआरची पूजा

दसऱ्याच्या सकाळी यज्ञेश्वररावांनी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. लुनाला झेंडूचा हार, शिलाई मशीनला हळदकुंकू, मग मिक्सर, पंखा आणि शेवटी स्वतःचं फाउंटन पेन. साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कारकुनी करून निवृत्तीला आलेला माणूस; कुठलंही काम वरवर करायचं नाही हा स्वभाव. गोदरेजच्या कपाटाचं दार उघडून आतही अक्षता टाकायच्या, शिलाई मशीनच्या खणातही टाकायच्या. नुसतं बाहेरून पुजलं तर ते यंत्राला पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच हिशेबाने त्यांनी टीव्हीखालच्या व्हीसीआरची झडप बोटाने वर उचलली आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता आत सोडल्या.

नीलांबरीबाई तेव्हा स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फेटत होत्या. त्यांना हे दिसलं नाही.

व्हीसीआर त्यांच्या मुलाने, सुहासने, मस्कतहून आणला होता. दोन सिनेमे बघून तो परत गेला आणि यंत्र आईच्या ताब्यात आलं. बरोबरचं पुस्तक समोर ठेवून नीलांबरीबाईंनी एकेक बटण दाबून पाहिलं, आणि महिन्याभरात टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवायला शिकल्या. देवळाली प्रवरेच्या त्या आळीत याला ‘भरणं’ म्हणत. ‘वहिनी, एवढी मॅच भरून ठेवा’, ‘वहिनी, आमची भाची नाचणार आहे, भरून द्या’. नीलांबरीबाई कोरी कॅसेट मागत आणि कार्यक्रम संपेपर्यंत बटणावर बोट ठेवून बसत, कारण मधल्या जाहिराती भरायच्या नाहीत हा त्यांचा नेम होता. वरणाला फोडणी द्यायची राहिली तरी त्या उठत नसत. यज्ञेश्वररावांना हे पटत नव्हतं, पण निवृत्तीला आलेल्या नवऱ्याच्या न पटण्याला घरात जेवढं वजन असतं तेवढंच त्याला होतं. एखादी कॅसेट फारच मोलाची असेल तर नीलांबरीबाई तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा दात मोडून टाकत. तो मोडला की त्या कॅसेटवर परत काही भरता येत नाही.

सहादूच्या कॅसेटचा दात त्यांनी श्रावणातच पाडला होता.

सहादू कारखान्यात बॉयलरवर होता आणि भीमगीतं गायचा. तालुक्यात जयंती कुठेही असो, सहादूचं गाणं झाल्याशिवाय लोक उठत नसत. उन्हाळ्यात त्याच्या पार्टीला मुंबईला टीव्हीच्या कार्यक्रमासाठी बोलावणं आलं. तेव्हाच त्याचा घसा बसायला लागला होता. गाऊन आला आणि पुढच्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या दिवशी सहादू दवाखान्यात होता. त्याची बायको कलाबाई बालवाडी चालवायची. बालवाडीच्या पोरांचे नाचाचे कपडे नीलांबरीबाई शिवून देत, त्या ओळखीने तिने निरोप धाडला होता. कार्यक्रम भरला गेला. सहादूचा आवाज आता त्या एका कॅसेटवर होता, बाकी कुठेच नव्हता. सहादूने स्वतः तो कार्यक्रम पाहिला नव्हता. दसऱ्याला विहारात सगळ्यांसमोर लावू, असं ठरलं होतं. बौद्धवाड्यात त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो. भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर सांगून ठेवला होता.

दुपारी नवरा-बायको दोघं आली. सहादूने पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्याला रुमाल बांधला होता. नीलांबरीबाईंनी आधी वाटीत श्रीखंड दिलं.

“त्यांना गिळतं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“सगळं गिळत्यात. माझं बोलनं तेवढं गिळत न्हाईत,” कलाबाई म्हणाली. सहादूने हवेत हात झटकला, म्हणजे हिचं ऐकू नका.

“गाण्याची जागा काढून ठेवते,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “म्हणजे तिकडे लावली की लगेच सुरू.”

कॅसेट आत गेली. पडद्यावर निवेदिका आली, ढोलकी आली, मग सहादू. हातात डफ, केस नीट विंचरलेले. खुर्चीतला सहादू पुढे सरकला. पडद्यावरच्या सहादूने तोंड उघडलं, आणि चित्र आडवं फाटलं. यंत्रातून दळण अडल्यासारखा कर्रर्र आवाज आला. मग सगळं काळं झालं.

नीलांबरीबाईंनी कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबलं. आत काहीतरी हललं आणि अडकलं. परत दाबलं. या वेळी ते हललंही नाही.

“वहिनी?” कलाबाई म्हणाली.

नीलांबरीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी झडप वर केली. झडपेच्या कडेला तांदळाचा एक लाल दाणा चिकटला होता. त्यांनी तो बोटावर घेतला आणि मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. यज्ञेश्वरराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते. तो दाणा त्यांना दिसला होता.

“काय झालं ते मला सांगा तरी,” कलाबाई म्हणाली.

“आत अक्षता गेल्यात,” नीलांबरीबाईंनी सांगून टाकलं. “सकाळी पूजा झाली यंत्राची.”

सहादूने दोघींकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

“उद्या राहुरीहून मेकॅनिक बोलावतो,” यज्ञेश्वरराव म्हणाले. “आज दसऱ्याचं कुणी येणार नाही.”

“मेकॅनिक नको,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “गोजरबाईच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट अडकली होती, तर त्यानं कात्री घातली आणि ओढून काढली. सप्तपदी गेली सगळी. मी उघडते.”

“अगं, पूजा झालेलं यंत्र आहे. आज त्याला पेचकस लागायचा नाही. शिलाई मशीनवरसुद्धा तू आज बसत नाहीस.”

“शिलाई मशीनमध्ये कुणाचा गळा अडकलेला नाही.”

“उद्या सकाळी उघड. एका रात्रीनं काय बिघडतंय?”

“भाऊसाहेब,” कलाबाई म्हणाली. तिचा आवाज बालवाडीत पोरं भांडायला लागली की होई तसा शांत झाला होता. “पूजा तुमची हाय, त्याला मी काय म्हनत न्हाई. आतला मानूस आमचा हाय. तो आमाला काढून द्या, मग तुमी यंत्र वर्षभर पुजा.”

यज्ञेश्वररावांनी पेपर उचलला आणि चेहऱ्यासमोर धरला. नीलांबरीबाईंनी शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला. खणात अक्षता होत्याच. त्या त्यांनी पदराने बाजूला सारल्या. टीव्हीची वायर काढली, व्हीसीआरची काढली, यंत्र अंगणाकडच्या दारात उजेडात आणून ठेवलं. वरचं झाकण निघालं.

आतलं दृश्य त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं. कॅसेटमधून तपकिरी फितीचा फास बाहेर निघून एका चकचकीत गोल डब्याभोवती बसला होता. पलीकडे रबरी चाकाखाली फीत चुरगळून गोळा झाली होती. पांढऱ्या दातेरी चाकांमध्ये लाल तांदूळ होते. एक तर दोन दात्यांच्या बरोबर मध्ये बसला होता.

“त्या चकचकीत डब्याला कुणी बोट लावू नका,” त्या म्हणाल्या. “बोटाचा डाग पडला तरी चित्र जातं, असं पुस्तकात लिहिलंय. सहादूभाऊ, बॅटरी धरा.”

सहादूने बॅटरी धरली. बॉयलरच्या धगीत उभा राहिलेला हात. उजेड तसूभर हलला नाही. नीलांबरीबाईंनी भरतकामाच्या सुईने दाणे काढायला सुरुवात केली. सैल होते ते लगेच आले. अडकलेला येईना. सुई घसरली असती तर शेजारी फीतच होती. त्यांनी श्वास रोखून दाण्याचा आधी तुकडा पाडला, मग उरलेला अर्धा कुरतडून बाहेर ओढला. कपाळावरचा घाम कलाबाईने आपल्या पदराने टिपला, न विचारता, पोरांचा टिपावा तसा.

मग बाजूच्या छोट्या मोटरचं चाक त्यांनी बोटाने उलटं फिरवलं. एक वेढा, दोन वेढे, काहीच नाही. परत फिरवलं तेव्हा फितीचा फास सैल पडायला लागला. रबरी चाक दूर झालं आणि चुरगळलेली फीत मोकळी झाली. कलाबाईने ती मलमलच्या फडक्यात अलगद तोलून धरली. कॅसेट वर आली.

वीतभर फीत चुरगळली होती. एका जागी कडेने फाटून अर्ध्यावर आली होती.

“ही अशी आत गेली तर परत गुंडाळेल,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “आणि मग सगळीच जाईल.”

“इस्त्री फिरवली तर?” कलाबाईने विचारलं.

“वितळेल.”

“मग?”

“एवढी कापायची आणि पुढची मागच्याला चिकटपट्टीनं जोडायची. गाण्याच्या सुरुवातीचं थोडं जाईल.”

“कापायची न्हाई,” कलाबाई म्हणाली. “एकदा मी सही केली दवाखान्यात. डॉक्टर म्हनले, काढलं न्हाई तर मानूस जाईल, मी म्हनलं काढा. आता परत मी कापा म्हननार न्हाई. जोडून बघा तशीच.”

“ताई, तशी जुळायची नाही ती.”

“माझ्या तोंडनं हां येनार न्हाई, वहिनी.”

सहादूने बॅटरी खाली ठेवली. शिलाई मशीनवर कापड कापायची मोठी कात्री होती. ती त्याने उचलली, धार अंगठ्याने पाहिली आणि दुसरा हात पुढे केला. कलाबाईने फडकं छातीशी ओढलं. तो थांबला. हात तसाच पुढे होता. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने फडकं त्याच्या हातावर ठेवलं.

नीलांबरीबाईंनी कुठे ते दाखवलं. त्याने दोन ठिकाणी कापलं, सरळ. वीतभर तुकडा घडी न करता शर्टाच्या खिशात ठेवला.

जोड मात्र नीलांबरीबाईंना एका फटक्यात जमला नाही. पहिली चिकटपट्टी वाकडी बसली, ती काढताना फीत ताणली गेली. दुसरी बसली. बाहेर आलेल्या कडा त्यांनी ब्लेडने तासल्या. यंत्राच्या पोटात फुंकर मारून झाकण लावायला घेतलं, एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला.

“थांब,” झोपाळ्यावरून आवाज आला.

यज्ञेश्वररावांनी पेपर खाली घेतला होता. “मी दोनदा टाकल्या होत्या.”

“काय?”

“अक्षता. एकदा पूजेच्या वेळी. मग आरती झाल्यावर परत. चिमूट चांगली भरलेली होती. तू काढल्यास त्या एवढ्याच असतील तर अजून आत आहेत.”

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा नीट बसवला आणि ते झोपाळ्यावरून उतरून दारात येऊन बसले. स्क्रू परत काढले. वरून काही दिसत नव्हतं. यज्ञेश्वररावांनी यंत्र दोन्ही हातांनी उचललं, कानाजवळ नेऊन नारळासारखं हलवलं. आत खुळखुळलं. त्यांनी ते हळूहळू तिरपं केलं. कॅसेटच्या तबकाखालून पाचसहा दाणे घरंगळत येऊन फरशीवर पडले.

“आता आनखी कुठं टाकल्यात का, भाऊसाहेब?” कलाबाईने विचारलं. “टीव्हीत, मिक्सरात? सांगून ठेवा, पुढच्या वेळी वहिनींना सोपं जाईल.”

यज्ञेश्वरराव हसले नाहीत. फरशीवरचे दाणे एकेक वेचून त्यांनी मुठीत घेतले.

झाकण बसून वायरी परत जोडेपर्यंत ऊन अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. कॅसेट आत गेली. या वेळी कर्रर्र आवाज झाला नाही. नीलांबरीबाईंनी निवेदिकेपासून सोडली. ढोलकी आली, सहादू आला, पडदा पांढऱ्या रेघांनी भरला. जोड त्या चकचकीत डब्यावरून जात होता. नीलांबरीबाईंनी डोळे मिटले. रेघा गेल्या आणि आवाज आला, दुसऱ्या ओळीचे शेवटचे दोन शब्द, भरीव आणि उंच, पुण्याच्या दवाखान्याच्या आधीचा.

सहादूने पुढे होऊन बटण दाबलं आणि गाणं थांबवलं.

“अहो, बघू द्या की,” कलाबाई म्हणाली.

त्याने बौद्धवाड्याच्या दिशेला हात केला, मग हाताने मोठं वर्तुळ काढलं. सगळ्यांबरोबर.

“तेच बरं,” नीलांबरीबाई म्हणाल्या. “मागं न्यायची तर जोड परत घासणार. आता ही मागं फिरवायचीच नाही. आहे इथून पुढे.”

दिवेलागणीला विहारात नीलांबरीबाई स्वतः गेल्या, कारण भाड्याच्या यंत्रावर दुसऱ्या कुणी बटण चुकीचं दाबलं असतं. वाटेत त्यांनी कॅसेट दोन्ही हातांनी धरली होती. वंदना झाली, भाषणं झाली. बाया, पोरं, म्हातारे सगळे टीव्हीपुढे दाटीने बसले. सहादू पुढे न बसता खांबाजवळ उभा राहिला. नीलांबरीबाईंनी कॅसेट आत सरकवली. यंत्राने ती घेतली. त्या बोट बटणावर ठेवून थांबल्या. हे यंत्र कसं ओढेल ते त्यांना माहीत नव्हतं.

कलाबाई टीव्हीशेजारी उभी राहिली.

“पहिल्या दोन ओळी न्हाईत,” ती म्हणाली. “कापाव्या लागल्या. त्या मी म्हन्ते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.”

लोक हसले. कलाबाई जन्मात कधी गायली नव्हती. तिने पदर खोचला आणि बालवाडीतल्या पोरांना शिकवावं तशा, चालीला धरून न धरून, त्या ओळी म्हटल्या:

माझ्या भीमाच्या नावाचं बी पेरलं बांधाला
कणसं आली अक्षरांची साऱ्या रानाला

खांबाजवळ सहादूचे खांदे हलत होते. तो हसत होता, बिनआवाजाचा. कलाबाईने नीलांबरीबाईंकडे मान केली.

नीलांबरीबाईंनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळाच राहिला, मग चित्र आलं, आणि कलाबाईने सोडली होती तिथून पुढची ओळ सहादूने उचलली.