सहा शब्द

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलो. मी नांदेडला सॉफ्टवेअरचं काम करतो. ज्याची नोंद सिस्टीममध्ये नाही ते घडलंच नाही, असं मानणारा माणूस. तरी हे लिहितोय... कारण इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. मी रजेवर उदगीरला घरी आलो होतो. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा विहारात भीमगीतं गायचे. त्यांची अकरा गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. तो मोबाइल फुटला, आता ती फक्त लॅपटॉपवर होती. वर्ष भरेल त्या दिवशी, पुण्यानुमोदनाला, ती लावायची, एवढीच मायची इच्छा.

रिकाम्या वेळात मी फाइली कुलूपबंद करणारा एक प्रोग्राम लिहीत होतो. एन्क्रिप्शनची लायब्ररी तयार मिळते. मी फक्त दोन हजार साध्या मराठी शब्दांची यादी जोडली. प्रोग्रामनं त्यातले कुठलेही सहा शब्द उचलून पासवर्ड करायचा, तो लिहून ठेवायचा आणि मूळ फाइल पुसून टाकायची. चाचणीला एक फोल्डर दिलं...

फोल्डर चुकलं. बाबांची गाणी कुलपात गेली. आणि पासवर्ड लिहून ठेवणारी कोडमधली ओळ मी सकाळीच, दुसरी एक चूक शोधताना, बंद केली होती! ते सहा शब्द ना स्क्रीनवर आले, ना कुठे साठले.

तीन दिवस सगळे उपाय केले. घरात सांगायची हिंमतच झाली नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी माय टँकरच्या रांगेतून रिकामी घागर घेऊन थेट माझ्यासमोर आली.

"तुझं काई अडकलंय का रे?"

"न्हाई. का गं?"

"रांगेत एक बाई होती. म्हनली, पोराचं लई अडकलंय, त्याला एवढं सांग. तीनदा म्हनून घेतलं माझ्याकडून." माय डोळे मिटून पाढ्यासारखं म्हणाली, "तुरटी, पाळणा, घुबड, खिळा, साबण, वेस."

माय शाळेत गेलेली नाही. लॅपटॉपला हात लावत नाही. मी यादी उघडली — सहाही शब्द तिच्यात होते. मायनं सांगितले त्याच क्रमानं टाइप केले.

फोल्डर उघडलं.

आधी बाबांचं खाकरणं, मग पेटीचा सूर. माय मटकन खाली बसली. "हाव... त्येच हायेत."

मी तसाच रांगेकडे पळालो. तिथं उदगीर जिल्हा झाला तर टँकर वाढतील का, यावरून बायांचा वाद चालला होता. मायशी कोण बोलत होतं, विचारलं.

"कोन बी न्हाई," शेजारच्या काकू म्हणाल्या. "मी तिच्या मागंच होते की. एकटीच पुटपुटून राहिली होती."

नंतर तो कोड मी ओळ न् ओळ तपासला, मित्रालाही दाखवला. शब्द बाहेर पडायला वाट नव्हती. नुसत्या अंदाजानं सहा शब्द जुळणं... मी ते गणित करायचंच सोडून दिलं.

महिनाभरानं भाकरी थापता थापता माय सहज बोलली, "त्या बाईची घागर काठोकाठ भरलेली होती बघ. मी म्हनलं, कुठून भरली गं? तर नुसती हसली."

त्या दिवशी टँकर आलाच नव्हता.