नासपतीला गुंडाळलेलं सूत

ऊर्मिलाच्या बेडरूममध्ये एक खोकं होतं, ते उघडायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे तिनंच ते उघडलं नव्हतं. पुण्याहून जर्मनीत आल्यापासूनचं हे तिचं चौथं घर. पहिल्या घरी तिनं सगळं सामान हौसेनं लावलं, भिंतीत खिळे ठोकायला घरमालकाची परवानगी काढली. दुसऱ्या घरी खिळे ठोकले नाहीत. तिसऱ्या घरी पडदे दुकानाच्या पिशवीतून बाहेर आलेच नाहीत. आणि इथे, झिंडेलफिंगेनहून बसनं अर्ध्या तासावर असलेल्या या गावात, तिनं रोजची भांडी, कपडे, मुलीची, अवनीची, पुस्तकं तेवढी काढली, खोकं कोपऱ्यात सरकवलं आणि त्यावर टेबललॅम्प ठेवला. उघडलं की कधीतरी पुन्हा भरावं लागतं. त्यापेक्षा हे बरं.

तिचा नवरा प्रसन्न मोटारीच्या कारखान्यात दरवाज्यांच्या बिजागऱ्यांवर काम करायचा. घर वरच्या मजल्यावर, भाड्याचं. खाली घरमालक हेर श्टोल, म्हणजे श्टोलसाहेब. माणूस सरळ. मुलगा बर्लिनहून परत येणार, त्याला वरचा मजला लागणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मात्र गावाबाहेरच्या शेतात नवी घरं होणार होती. तिथे तुम्हाला प्लॉट मिळाला, तर तुमचं घर बांधून होईपर्यंत मी मुलाला थांबवीन, असंही ते म्हणाले होते. गावात भाड्यानं दुसरं घर मिळत नव्हतं. प्रसन्ननं राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, प्लॉटसाठी अर्ज केला. अवनी गावच्या शाळेत होती म्हणून त्यांच्या अर्जाला वजन होतं, तिथल्या बाईनं तसं सूचितही केलं. त्या दिवसापासून प्रसन्न जेवताना कागदावर चौकोन काढू लागला. स्वयंपाकघर, अवनीची खोली, आईबाबा आले तर त्यांची खोली. ऊर्मिला म्हणायची, छान आहे. तिला तेवढंच म्हणता यायचं. पण एकदा तो झोपल्यावर तिनं त्या चौकोनात पेन्सिलनं एक कपाट काढलं, भिंतीतलं, हलवता न येणारं.

त्या शेताला गावात ब्राइटे म्हणत. बार्लीचं शेत, मधून एक पायवाट आणि पायवाटेच्या टोकाला जुनं, वाकडं नासपतीचं झाड. घरं होऊ नयेत म्हणून गावातल्या काही लोकांनी मोहीम उघडली होती. कुंपणांवर पाट्या लागल्या होत्या. शेवटी ठरलं की शरद ऋतूत गावाचं मतदान घ्यायचं. ऊर्मिला-प्रसन्नला मत नव्हतं, पासपोर्ट भारताचा. ते नुसती वाट बघत होते.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली, नेमकी रविवारी. ऊर्मिलाचा त्यावर फारसा विश्वास होता असं नाही, नव्हता असंही नाही. सासूबाईंनी वडाचं एक चित्र फ्रेम करून दिलं होतं, त्याची ती दरवर्षी पूजा करायची. ते चित्र खोक्यात होतं. सकाळी फोनवर तिनं चित्र सापडत नाही असं सांगितलं.

"सापडत नाही म्हणजे काय गं? मग एखादं झाड बघ," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे झाडांना काय तोटा आहे?"

तेव्हा ती साडी नेसली, सुताचं रीळ घेतलं, हळदकुंकवाची कुयरी घेतली आणि आंब्याऐवजी दोन पीच घेऊन पायवाटेनं त्या झाडाकडे गेली. प्रसन्न झोपलेला होता. वाऱ्यानं बार्ली एकाच बाजूला पडत होती. तिनं खोडाला कुंकू लावलं आणि सूत धरून फिरू लागली. मनात काही आलं नाही. सात जन्म वगैरे आलं नाही. पायाखाली गवत ओलं आहे, एवढंच आलं.

शेवटच्या फेऱ्याला तिला दिसलं की कुणीतरी उभं आहे. शेजारच्या गल्लीतल्या फ्राऊ आयझेले, कुत्र्याला घेऊन. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बाई. त्यांच्या कुंपणावरही मोहिमेची पाटी होती. त्यांचा नवरा वसंतात गेला होता. शवपेटी नेताना ऊर्मिलानं खिडकीतून पाहिलं होतं. हे काय चाललंय, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. ऊर्मिलानं तिच्या जर्मनमध्ये सांगितलं की झाड खूप जगतं, म्हणून त्याच्याकडे आयुष्य मागायचं असतं. कुणाचं, ते सांगायचं राहिलं. फ्राऊ आयझेलेंनी त्या सुतावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, म्हणजे हे झाड जगावं असं तुम्हाला वाटतं.

"जा, गेनाऊ," ऊर्मिला म्हणाली. हो, अगदी बरोबर.

मग त्यांनी विचारलं, मी फोटो काढू का? आमच्या लोकांना दाखवू का?

"जा, गेनाऊ."

तिला प्रश्न समजले नव्हते असं नाही. समजले होते. पण इतक्या वर्षांत तिला सवय लागली होती, समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचं, म्हणजे बोलणं लवकर संपतं. दुकानात, शाळेत, डॉक्टरकडे. हो म्हटलं की माणसं जातात.

पंधरवड्यानं बसस्टॉपवर पोस्टर लागलं. निळी साडी, पांढरं सूत, वाकडं झाड, मागे बार्ली. खाली ठळक अक्षरांत: आमची ब्राइटे सगळ्यांची आहे. मोहीमवाल्यांवर आरोप होत होता की त्यांना बाहेरची माणसं गावात नकोत, म्हणून घरं नकोत. त्यावर हे उत्तर होतं. पाहा, बाहेरच्यांनाही हे शेत हवं आहे.

प्रसन्न आधी हसला. कारखान्यातल्या शिरीषनं पोस्टरचा फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "वहिनी, मोर्चाला बोलवा, येताना वडापाव आणतो." प्रसन्न त्यालाही हसला. मग रात्री जेवताना त्यानं चौकोन काढले नाहीत.

"तू त्यांना सांगून टाक," तो म्हणाला. "आपला अर्ज आहे, फोटो काढून घ्या म्हणावं."

"सांगते."

"आल्झो, मग उद्या."

"हो, उद्या."

अवनीनं ताटातून मान वर करून जर्मनमध्ये विचारलं, आई नक्की कुणाच्या बाजूची आहे. मग ती पुन्हा भात कालवू लागली.

ऊर्मिला गेली. फ्राऊ आयझेलेंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली. टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या आणि ऊर्मिला ज्या खुर्चीवर बसली तिच्या पाठीवर पुरुषाचा एक जुना स्वेटर होता. बाई झाडाबद्दल बोलत राहिल्या. त्यांचा नवरा दर हिवाळ्यात त्याची छाटणी करायचा. झाड त्यांचं नव्हतं, शेत त्यांचं नव्हतं, तरी करायचा. फळं कडक, तुरट, नुसती खाता येत नाहीत. त्यांचा तो रस काढायचा. शेवटची बाटली अजून तळघरात आहे, ती उघडायची हिंमत होत नाही.

"तुम्ही फिरत होतात ना," त्या म्हणाल्या, "ते नंतर मला कुणीतरी समजावलं. नवऱ्यासाठी असतं. नवरा गेलेला असला तर फिरता येतं का?"

पुण्यात याचं उत्तर कुणीही पटकन दिलं असतं. ऊर्मिलाला ते उत्तर माहीत होतं. तिनं कप खाली ठेवला.

"येतं," ती म्हणाली. "फिरा."

पोस्टरचं सांगायचं होतं ते तिनं सांगितलं नाही. घरी आल्यावर प्रसन्ननं नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

सप्टेंबरात गावाची सभा झाली, शाळेच्या जिममध्ये. भिंतीला टेकवलेल्या गाद्या, रबराचा वास. महापौर घरांच्या बाजूनं बोलले, तरुण कुटुंबं गाव सोडून चालली आहेत म्हणाले. हेर श्टोल उठून म्हणाले की माझ्या मुलाला घर हवं आहे, वरच्या भाडेकरूंना घर हवं आहे, बार्ली काय सगळीकडे आहे. त्यांनी नाव घेतलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं की भाडेकरूंनाच विचारा. फ्राऊ आयझेलेंनी वळून पाहिलं. हॉलमधली अर्धी माणसं वळली. पोस्टरवरची बाई शेवटच्या रांगेत बसली होती, साडीत नव्हती, तरी त्यांनी तिला ओळखलं. कुणीतरी माइक आणून तिच्या हातात दिला.

प्रसन्नचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला होता. आता सांग, असं तो गुडघा म्हणत होता. तिला वाक्य येत होतं. आम्हालाही तिथे घर हवं आहे. सोपं वाक्य, अवनीनं दुसरीत असताना सुद्धा बरोबर लिहिलं असतं. तिला ते भिंतीतलं कपाट दिसलं. मग पुढच्या रांगेतल्या फ्राऊ आयझेले दिसल्या. त्यांनी आज तो पुरुषी स्वेटर घातला होता.

"झाड चांगलं आहे," ऊर्मिला म्हणाली.

बाकीचं वाक्य आलं नाही. तिनं नमस्कार केला आणि ती बसली. टाळ्या वाजल्या, बराच वेळ वाजत राहिल्या. प्रसन्नचा गुडघा बाजूला झाला.

मतदानात शेत वाचलं. फरक थोडाच होता. त्या संध्याकाळी खालून हेर श्टोल वर आले, दारातच उभे राहिले. उन्हाळ्यापर्यंत राहा म्हणाले. रागावले नव्हते. जाताना म्हणाले की मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. प्रसन्ननं त्यांचे आभार मानले. दार लावल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, ड्रॉवरमधले चौकोनांचे कागद काढले, नीट घडी करून कागदांच्या कचऱ्यात टाकले. त्यातल्या एकावर पेन्सिलीचं कपाट होतं. ते त्याला दिसलं की नाही, तिनं विचारलं नाही.

घर मिळालं झिंडेलफिंगेनच्या स्टेशनमागे, पाचव्या मजल्यावर. मे महिन्यात सामान हललं. अवनीनं मैत्रिणींचा निरोप घेतला आणि गाडीत मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली. टेबललॅम्प उचलून ऊर्मिलानं ते खोकं तसंच बाहेर नेलं. हे एक बरं झालं, भरावं लागलं नाही.

निघताना फ्राऊ आयझेले आल्या. हातात तळघरातली ती बाटली होती. त्यांना कुणाकडून तरी अर्जाचं कळलं होतं.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

ऊर्मिलानं विचार केला. खरंच केला. तिनं बाटली घेतली, आभार मानले. बाई पुढे होऊन तिच्या गळ्यात पडल्या आणि ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ट्रकवाला घड्याळ बघत होता.

जूनमध्ये सासूबाईंचा फोन आला. या वर्षी तरी चित्र सापडलं का? सापडेल, ती म्हणाली. नव्या बेडरूमच्या कोपऱ्यात खोकं होतं, वर टेबललॅम्प. खिडकीतून रूळ दिसत होते आणि रूळांपलीकडे पार्किंग. झाड दिसत नव्हतं.

दुपारी फोनवर फोटो आला. नासपतीचं खोड, त्यावर सूत. सैल, वेडंवाकडं, मध्येच तुटून गाठ मारलेलं. खाली फ्राऊ आयझेलेंनी लिहिलं होतं, तुमच्याही वाटचे फेरे मीच मारून टाकले, तुमच्या नवऱ्यासाठी. असं चालतं ना?

ऊर्मिलानं फोटो मोठा करून पाहिला. मागे बार्ली होती, अजून हिरवी. जिथे कपाट आलं असतं ती जागा साधारण कुठे असेल, ते तिनं शोधलं. सगळीकडे बार्लीच होती.

तिनं जा, गेनाऊ लिहून पाठवलं. फोन खोक्यावर ठेवला आणि कुकर लावायला गेली.