देवजींचा जांभळा ठराव

बोनकोड्याच्या देवजी म्हात्र्यांची ख्याती भांडणासाठी होती. देवळाच्या कमिटीत त्यांच्या विरोधाशिवाय एकही ठराव पास झाला नव्हता. त्यांच्या इमारतीतले भाडेकरू तर चपला हातात घेऊन जिना चढत.

मग यकृताचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. "बरं होणं आता अवघड आहे. दुखणं तेवढं कमी ठेवू," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. देवजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. नंतर जे सुरू झालं, ते मात्र त्यांना सोसेना.

गाव एकाएकी गोड झालं. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, ते शहाळी घेऊन आले. कोणी गोमूत्र सुचवलं, कोणी पॉझिटिव्ह राहायला सांगितलं. पुतण्या तेजसनं 'आमचे फायटर काका' असं स्टेटस ठेवलं.

"मी कुनाशी फाइट करतोय?" देवजींनी बायकोला, यशोदाबाईंना विचारलं. "गोळ्या खातो नि झोपतो. खरा फायटर होतो तवा हेच मना भांडखोर म्हनत."

कमिटीच्या पुढच्या सभेला ते मुद्दाम गेले. म्हणाले, "देऊल जांभलं रंगवा." आपल्याला कोणी वेड्यात काढतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष कमळाकर डोळे पुसत म्हणाले, "काका, तुमची इच्छा म्हणजे आम्हाला आज्ञा."

देवजींचा चेहरा पडला. जिवंतपणीच आपला फोटो भिंतीला टांगलाय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात मागून हिरामण उठला. दोघांचं वैर बांधावरून सुरू झालेलं. शेतं जाऊन तिथं टॉवर उभे राहिले, तरी ते टिकून होतं.

"देवजी, आजार यकृताला झालाय का डोक्याला? देवीच्या देवळाचं वांगं करतोस काय?"

सभा हादरली. कमळाकरनी हिरामणचा हात धरून त्याला खाली ओढलं. देवजी मात्र सावरून बसले.

"तुझ्या घराचा रंग बगितलास का? म्हशीनं चाटल्यासारखा हाय."

भांडण चांगलं तासभर चाललं. ठराव पडला. घरी येऊन देवजींनी कित्येक दिवसांनी स्वतःहून बोंबलाचं कालवण मागितलं.

त्यानंतर हिरामण दुपारचा रोज भांडायला येऊ लागला. "काकांना त्रास होतो," तेजस कुरकुरला.

"होऊ दे," यशोदाबाई म्हणाल्या. "तो आला का हे उठून तरी बसतात."

पावसाळा सरता सरता देवजी गेले. तेजसनं नाक्यावर बॅनर लावला: 'अजातशत्रू देवजीशेठ'. हिरामणनं त्याला तिथंच गाठलं.

"अजातशत्रू? मंग मी कोन व्हतो?"

संध्याकाळपर्यंत तेवढ्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली गेली.