मावशींच्या खिडकीची वेळ

"थांबा, आदी भिंतीला इचारू," असं म्हणून मावशी बाहेरच्या भिंतीला तळहात टेकवायच्या, मग आतल्या भिंतीला. त्यावर ठरायचं, खिडकी उघडायची की लावायची.

मावशी मंद्रूपच्या. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायच्या. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या खिडक्या पहाटे सताड उघड्या, आठाच्या सुमारास पडद्यांसकट बंद आणि भिंत निवल्यावर पुन्हा उघड्या. मला हे खरं वाटेना. आत एक, बाहेर एक असे दोन तापमापक लावून मी पंधरा दिवस नोंदी केल्या. बाहेरचा पारा आतल्याच्या वर किंवा खाली जायचा, त्या क्षणापासून मावशींची वेळ दहा मिनिटांपलीकडे चुकली नाही. मे महिन्यात त्यांच्या घरी माझ्या निम्म्याहून कमी वीज लागायची.

माझ्या शेजारच्या बाई एसी लावून खिडकी उघडी टाकायच्या. मावशी जिन्यातूनच ओरडायच्या, "ओ मॅडम, अख्खं सोलापूर गार करायचा इचार हाय काय?"

मॅडम हसत खिडकी लावायच्या. मीही शिकलो, हळूहळू सगळी बिल्डिंग शिकली.

गेल्या उन्हाळ्यात मावशींनी अंथरूण धरलं. मुलानं त्यांच्या खोलीत एसी बसवला. तो आणि सून दोघंही पहाटेच चिंचोळीच्या एमआयडीसीत कामावर निघायचे. सांभाळणारी बाई येईपर्यंत तासभर मी मावशींजवळ बसायचो.

एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, खिडकी तेवडी उगडा की. लई कोंडल्यावानी होतंय."

"एसी चालू आहे, मावशी. गारवा वाया जाईल. तुम्हीच शिकवलंय ना?"

त्या जराशा हसल्या. "व्हय. मीच शिकवलंय खरं." आणि बंद काचेकडे बघत राहिल्या. पुन्हा काही मागितलं नाही.

चार दिवसांनी मावशी गेल्या.

दहाव्याला मंद्रूपला गेलो होतो. तिथे पंगतीत घास हातात असताना मला सुचलं, एसी बंद करून खिडकी उघडता आली असती. रिमोट माझ्या शेजारीच होता. पहाटेची वेळ होती, बाहेर वारा होता. पंधरा दिवस नोंदी करणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

मावशींचा मुलगा आता नोकरीपायी पुण्याला असतो. पहाटे वारा सुटला की आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडतात. मावशींची तेवढी बंद असते.