साडूंच्या गाडीला मोठी चाके

जगात आजवर जेवढ्या चांगल्या वस्तू बिघडल्या, त्यांतल्या निम्म्या तरी त्या सुधारायला निघालेल्या माणसांनी बिघडवल्या असतील. आणि अशा माणसांचा मेळावा कधी भरलाच, तर अध्यक्षाच्या खुर्चीत आमच्या थोरल्या साडूंवाचून दुसरे कोणी शोभणार नाही. थोरले साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने मोठे, वयाने मोठे, आवाजाने तर फारच मोठे. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत ते कालव्यांचे नकाशे काढत. कालवा कुठून न्यायचा हे इंजिनियर ठरवी, साडूंनी फक्त रेघ ओढायची. पण वीस वर्षे रेघा ओढून ओढून पाणी आपल्याच पेन्सिलीतून वाहते अशी त्यांची समजूत झाली होती. ही पेन्सिल सदैव खिशात असे, आणि विषय कोणताही निघो, साडू हाताला येईल त्या कागदावर आकृती काढायला लागत. माझ्या धाकट्या मुलाच्या जन्मपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी हवा भरायचा पंप काढून ठेवला आहे. त्या मुलाचे पुढे जे काही बरेवाईट व्हायचे, ते आता त्या पंपासकट होईल.

उभे वाहन दिसले की त्याच्या चाकाला चपलेच्या टोकाने एक ठोकर मारायची, ही त्यांची दुसरी खोड. त्यात टांगा, बैलगाडी, भाजीचा ठेला असा भेदभाव नसे. त्यांच्याच कचेरीतले एक वृद्ध हेडक्लार्क वारले, तेव्हा आम्ही सगळे मान खाली घालून उभे होतो आणि साडू शववाहिनीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ड्रायव्हरला म्हणाले, "डाव्या चाकात हवा कमी आहे." ड्रायव्हरने सांगितले, "साहेब, घाटापर्यंत चालते." त्यावर साडूंनी मान हलवली, पण ती मृताविषयी हळहळ म्हणून नव्हे, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

अशा माणसाच्या हाती देवाने मोटार द्यायला नको होती. ती आली खाप्याहून. खापा आमच्या दोघांच्या सासुरवाडीचे गाव; सासरे तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. खाप्याजवळच्या मँगनीजच्या एका खाणीवर पूर्वी कोणी इंग्रज मॅनेजर होता. विलायतेला परत जाताना तो आपली उघडी, दोन आसनांची रेसची गाडी बंगल्याच्या पडवीत टाकून गेला. साडूंनी खाणीच्या बाबूला वर्षभर गळ घालून ती मिळवली. गाडी सुंदर होती, हे मीही कबूल करतो. लांबलचक बॉनेट, गडद हिरवा रंग, सायकलसारखी बारीक तारांची चाके, आणि एकूण अंग इतके जमिनीलगत, की पळायच्या बेतात असलेला चित्ता दबा धरून बसला आहे असे वाटे. मॅनेजरची कातडी टोपीही गाडीबरोबर आली होती. नागपूरच्या मे महिन्यात शहाणी माणसे डोक्याला ओला दुपट्टा बांधतात, साडू ती कातडी टोपी घालत, आणि घामाच्या धारा पुसत म्हणत, "हवा लागून राहिली नं, साडभाऊ."

पण चित्त्याची उंची आमच्या रस्त्यांना पुरेना. खाप्याच्या वाटेवर एका रेल्वे फाटकापाशी रूळ जरा उंचावर होते. तिथे गाडीचे पोट टेकले, पुढची चाके एका उतारावर, मागची दुसऱ्यावर. शेजारच्या आसनावर मी होतो. फाटकवाला हिरवे निशाण काखेत मारून आला, त्याने गाडीकडे पाहिले, साडूंच्या टोपीकडे पाहिले आणि मला विचारले, "तुमचे कोण होतात हे?" माझ्या आयुष्यात नाते सांगायला मला एवढे जड कधी गेले नाही. शेवटी एका धनगराला बोलावून आम्ही तिघांनी गाडी उचलून काढली. स्टिअरिंग धरायला कोणीतरी लागतेच, म्हणून साडू आत बसून राहिले. घरी येईपर्यंत त्यांनी माझ्या रुमालावर आकृती काढली होती. गाडीला जीपची चाके बसवायची.

गाडीची कामे करणारे मेश्राम मिस्त्री नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत राहत. कमी बोलणारे, हाताचे पक्के, यंत्राचा आवाज ऐकून रोग सांगणारे गृहस्थ. मी सोबत गेलो होतो, तो तमाशा बघायला.

"मिस्त्री, हिले जीपचे चाकं लावायचे," साडू म्हणाले.

"काहून?"

"पोट घासते."

मिस्त्रींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "साहेब, रांगणाऱ्या पोराले बापाचे जोडे घातले, तं ते चालन का पडन?"

"तुम्ही लावा तं खरं. मी हिशोब केला आहे."

"हिशोब गाडीनं नाही ना केला," मिस्त्री म्हणाले, आणि कामाला लागले. साडूंपुढे हरणे हे त्यांनी माझ्याआधी शिकून घेतले होते.

ती चाके मुळात त्या गाडीच्या आसाला बसतच नव्हती. मग लेथवर लोखंडाच्या जाड चकत्या करून आणल्या आणि त्या मधे घालून चाके आवळली. गाडी उभी राहिली तेव्हा बदकाला करकोच्याचे पाय लावल्यासारखे दिसले. मडगार्डच्या आत टायर मावेनात, म्हणून मडगार्डच्या कडा कातरल्या. स्टिअरिंग इतके जड झाले, की वळण घेताना साडू आसनावरून अर्धे उठत. सेमिनरी हिलचा चढ पूर्वी गाडी गुणगुणत चढायची. आता पहिल्या गिअरमध्येही ती दमेकऱ्यासारखी थांबत थांबत जाई. चाक मोठे झाल्यामुळे एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापी आणि मैलमोजणीचा आकडा कमी भरे. साडूंनी याचा अर्थ वेगळाच लावला. सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, खापा आता अडीच मैलांनी जवळ आला." सासऱ्यांनी चाळीस वर्षे भूगोल शिकवला होता. ते उठून आत निघून गेले.

मुख्य गोष्ट मात्र साडूंनी सगळ्यांपासून लपवली होती. गाडी डावीकडे वळत नव्हती. उजवीकडे नीट वळे; डावीकडे चाक अर्धे फिरले, की टायर आतल्या एका दांडीला अडे. मोठ्या मैदानात लांब फेरा घेऊन डावे वळण जमायचे, गल्लीत नाही. साडूंनी यावर उपाय शोधला होता: डावीकडे जायचे असेल तर तीनदा उजवीकडे वळायचे. कचेरीत ते वीस मिनिटे उशिरा का पोचतात, हे त्यांच्या साहेबाला कधीच कळले नाही.

मग आमच्या धाकट्या मेहुणीचे लग्न ठरले. सासऱ्यांना मुलगा नाही, तिन्ही मुलीच. हे शेवटचे कार्य. मुलगा वर्ध्याचा, बँकेत लागलेला, आणि त्याच्याबरोबर एक काका, ज्यांना साखरपुड्यापासून कशात ना कशात मानहानी दिसत होती. लग्नाचे कार्यालय नागपुरातच, महाल भागात घेतले होते; वराकडच्या मंडळींचा उतारा, म्हणजे जानोसा, जवळच्या एका शाळेत. वरातीला घोडा सांगितला होता. लग्नाच्या सकाळी जानोशावर जाऊन पाहतो तो घोडा नाही. झेंडूच्या माळा घातलेली हिरवी गाडी उभी, आणि तिच्याशेजारी कातडी टोपी.

"घोडा कुठी आहे?" मी विचारले.

"परत पाठवला. आपल्या घरची गाडी असून नवरदेव भाड्याच्या घोड्यावर काहून येईन?"

बोलून उपयोग नव्हता. वरात निघाली. पुढे बँड, मागे नाचणारी मंडळी, मागे बायका, आणि इंजिन तापून वाफ सोडते म्हणून सगळ्यांच्या शेवटी नवरदेव आणि साडू. पहिल्या चौकात कार्यालयाची गल्ली डाव्या हाताला. बँड डावीकडे वळला, बायका वळल्या, आम्ही वळलो. गाडी उजवीकडे गेली. ताशाच्या आवाजात कोणाच्या काही लक्षात आले नाही.

कार्यालयाच्या दारात सासूबाई ओवाळणीचे तबक घेऊन उभ्या होत्या. बँड थांबला, गर्दी दुभंगली, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोणीच नव्हते. सासूबाई तबक तसेच धरून गल्लीच्या टोकापर्यंत पाहत राहिल्या. काकांना तर आयुष्यभर हवी असलेली मानहानी आता आयती मिळाली होती.

"आम्ही पोरगा घेऊन आलो होतो," ते सासऱ्यांना म्हणाले. "तुमच्या माणसाच्या हवाली केला. आता तुम्ही तो दाखवा."

सासरे माझ्याकडे वळले. शाळेतल्या मुलांवर ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, ते गृहस्थ आताही हळूच म्हणाले, "जावाईबुवा, जरा पाहून या." त्यांच्या हातातल्या अक्षता गळत होत्या आणि त्यांचे तिकडे ध्यान नव्हते.

मी स्कूटर काढली. महालातल्या गल्ल्या सरळ असत्या, तर तीन उजव्या वळणांनी गाडी कधीच परत आली असती. पण महाल काही साडूंच्या पेन्सिलीने आखलेला नाही. एका गल्लीत मांडव, दुसरीत गाईचा गोठा, तिसरी पुढे बंद. "हिरवी गाडी पाहिली का?" असे विचारत मी निघालो आणि प्रत्येकाने हसून उजवीकडे बोट दाखवले. शेवटी ते दोघे शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठावर सापडले. मडगार्डच्या कातरलेल्या कडेने टायर फाडला होता. जास्तीचे चाक होते, पण ते जुने, तारांचे, आणि नव्या चकत्यांवर बसत नव्हते. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव बाह्या वर सारून जॅकशी बसला होता आणि साडू त्याला धुळीत काडीने आकृती काढून दाखवत होते. नवरदेव मनापासून ऐकत होता. त्या घराण्यात साडूंचे असे ऐकणारा तो पहिलाच.

मला पाहताच साडू उठले. "मुहूर्ताले किती वेळ आहे?"

"वीस मिनिटं."

"मंग याले घेऊन जा."

"आणि तुम्ही? बसा ना मागं, तिघं मावू."

"नाही गा. शेरवानी चुरगळन त्याची." आपल्या बोटांना काळे तेल लागले आहे हे बघून त्यांनी मनगटाच्या मागच्या बाजूने नवरदेवाच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. "हळू न्या," एवढेच म्हणाले.

मुहूर्त साधला. मंगलाष्टकांच्या वेळी थोरल्या मेहुणीबाई अक्षता टाकायच्या सोडून दाराकडे पाहत होत्या. वेळेवर नवरदेव आणणारा जावई म्हणून माझ्याकडे चार माणसे कौतुकाने बघत होती, आणि इतक्या वर्षांनी साडूंचे पितळ चारचौघांत उघडे पडले म्हणून मला जो आनंद व्हायला हवा होता, तोही झाला. पण तो अक्षता संपेपर्यंतच पुरला.

तीनच्या सुमारास साडू पायीच आले. गाडी मिस्त्रींच्या ताब्यात देऊन, उन्हातून, टोपी हातात घेऊन. कोणाकडे न बघता ते मागच्या अंगणात गेले आणि भांडी घासायच्या राखेने बराच वेळ हात घासत बसले. पंगती उठल्या होत्या. सासरे अजून जेवले नव्हते, हे मला तेव्हा कळले. त्यांनी दोन पत्रावळी मांडायला लावल्या आणि साडूंना हाक मारली. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी वाढायच्या निमित्ताने जवळच उभा राहिलो.

"गाडीले फार लागलं का?" सासऱ्यांनी विचारले.

"मडगार्ड गेलं."

"होते. जेवा."

साडूंनी वरणभात कालवला आणि कालवून झाल्यावरही कालवतच राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मामाजी, पहिल्याच वळणावर समजलं होतं मले, की चुकलं."

"मंग थांबले काहून नाही?"

"थांबलो असतो तं हाक मारून सांगा लागलं असतं सगळ्याईले, की गाडी डावीकडे वळत नाही."

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या पानावर जिलबी वाढली. मी जेवलो की नाही, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

गाडीची चाके त्यानंतरही बदलली नाहीत, फक्त मडगार्ड आणखी कातरले. मिस्त्रींनी दांडी जरा वाकवून दिली, त्यामुळे ती डावीकडेही थोडीफार वळू लागली. मग काही वर्षांनी साडूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मुंबईहून एक हौशी माणूस जुन्या गाड्या शोधत आला आणि साडूंनी गाडी त्याला विकली. त्याला ती पूर्वी होती तशी, मूळ तारांच्या चाकांसकट हवी होती. ती चाके साडूंच्या अंगणात कारल्याच्या वेलात गुंतलेली होती. ती आम्ही दोघांनी कात्रीने सोडवून दिली. मिस्त्रींनी जीपची चाके काढली, जुनी चढवली, आणि गाडी पुन्हा जमिनीलगत बसली. खरोखर देखणी दिसत होती. तसे मी बोलूनही दाखवले. साडू फक्त "हो" म्हणाले.

आता ते दर रविवारी आमच्याकडे येतात. चहा घेतात, मुलांचा अभ्यास विचारतात, वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून वाचतात आणि वेळेवर उठून जातात. कोणाच्या कशात काही सुधारणा सुचवत नाहीत. "भाऊजी किती शांत झाले नं आता," माझी पत्नी म्हणते, आणि मी होकार देतो. पूर्वी ते येऊन गेले, की त्यांच्या नव्या खुळाविषयी आम्ही दोघे हसत, भांडत, एकमेकांना सांगत बसायचो. ताटे वाढून गार होत. आता ते गेल्यावर बोलायला काही उरत नाही. आम्ही वेळेवर जेवून घेतो.