खडूची रेघ

जळक्या टायरचा वास आला की मला चंडीगडबाहेरची ती बंद पडलेली धावपट्टी आठवते. आम्ही हौशी मंडळी तिथं प्लास्टिकचे कोन मांडून मोटारींची शर्यत घ्यायचो. एकेक गाडी सोडायची, वेळ मोजायची, आणि कोन त्याच्याभोवती आखलेल्या खडूच्या रेघेबाहेर सरकला की दोन सेकंद दंड. त्या दिवशी माझी मुलगी पहिली येणार हे दिसतच होतं. शेवटच्या वळणावर तिच्या गाडीचा कोनाला धक्का लागला आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या मी लगेच दंडाचा लाल झेंडा वर केला, बापानं सांभाळून घेतलं असं कुणी म्हणायला नको म्हणून. जवळ जाऊन पाहिलं तर कोन रेघेच्या आतच होता. मी तो बुटानं हळूच, बाहेर गेलेला परत जागेवर ठेवावा तसा, मधोमध सरकवला आणि गप्प बसलो. ती दुसरी आली. “अपनी बेटी को भी नहीं छोड़ा, पक्का आदमी!” म्हणत सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि लाज वाटायची सोडून मला चक्क बरं वाटलं. परवा तिनं नोकरी सोडली, तेही मला तिच्या आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर नेहमीसारखी हिंदीतच म्हणाली, “पापा, आप तो देखने से पहले ही झंडा उठा देते हो.”